आत्यालाही असंच व्हायचं

प्रिय मंजू,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू अर्ध्यातच चिडून थेट दादाला फोन लावला असतास. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच आणि मग काय चिडायचं ते चीड.

माझी तब्येत बरी. गोळी चालू, पाळी बंद, वजन थोडं वर सरकलंय. आईचं बीपी ताब्यात आहे. झालं तब्येतीचं.

विषय चिमीचा आहे. तू तिला शेवटचं बघितलंस तेव्हा तुझी ओढणी गुंडाळून घरभर नाचत होती. आता चौदावं लागलंय तिला. मागच्या आठवड्यात दादाकडे गेले तर पोरगी शाळा बुडवून घरीच. आतल्या खोलीत कुशीवर पडलेली, गुडघे पोटाशी, उशीचं टोक दातात धरलेलं. हाक मारली तर डोळे न उघडता नुसतं "हं" म्हणाली. ते "हं" कसलं असतं ते तुला वेगळं सांगायला नको.

मी काही बोलायच्या आत वहिनी आली. "पाळी आहे गं तिची. पहिले दोन दिवस असंच करते. तू नको घाबरूस, तुला तर माहितीच आहे." आणि बाहेरून आई, अगदी सहज: "आत्यालाही असंच व्हायचं. झालीच ना ती मोठी?"

मंजू, मला त्या दोघींचा रागही येईना. त्या चिमीला धीर देत होत्या. पण धीर द्यायला त्यांनी पुढे कोणाला केलं, तर मला. माझी ती सगळी वर्षं, दातओठ खात दिलेल्या परीक्षा, बसस्टॉपवर मटकन खाली बसणं, हे सगळं आता "काही होत नाही" याचा पुरावा झालंय. मी जिवंत आहे, नोकरी करते, हसते, म्हणजे चिमीनेही निमूट सोसावं.

तू म्हणशील, अगं पण त्यांना तुझं ऑपरेशन माहीत नाही का? आहे. दोघी आलटून पालटून माझ्या उशाशी बसल्या होत्या. पण आमच्या घरात त्या ऑपरेशनचं नाव "गाठ" आहे. अंडाशयात गाठ झाली, काढली, संपलं. आणि पाळीत दुखणं हा वेगळा विषय, तो प्रत्येकीचाच असतो. ही दोन्ही एकाच आजाराची, एंडोमेट्रिओसिसची, लक्षणं आहेत हे त्यांच्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नाही. नातेवाईकांना सांगायला "गाठ" सोपी पडते. "पाळीचं दुखणं होतं म्हणून पोट उघडलं" असं कोण सांगणार?

म्हणून त्या दिवशी मी वहिनीला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर बाहेर कुठेकुठे उगवतं. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, मूत्राशयावर. दर महिन्याला तिथेही सूज येते, रक्त येतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. अंडाशयात साठत गेलं की ते घट्ट, काळपट होतं, त्यालाच डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. तीच माझी गाठ. आणि जिथे सूज, तिथे आतले अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. वहिनी ऐकत होती, पण मध्येच म्हणाली, "हे चिमीच्या वयात थोडंच असतं?" असतं. पहिल्या पाळीपासूनही असू शकतं. माझं तेव्हापासूनच होतं, फक्त कोणी बघितलं नाही.

जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने या गाठींबद्दल १९२१ मध्ये लिहून ठेवलंय. १९२७ मध्ये त्याने कारणही मांडलं, की पाळीचं थोडं रक्त उलटं नळ्यांमधून पोटात जातं आणि तिथे रुजतं. पण तसं तर बहुतेक सगळ्या बायकांचं जातं, आणि आजार होतो दहातल्या एकीला. म्हणजे शंभर वर्षं झाली तरी कारण पुरतं उलगडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे १९ कोटी मुलीबायकांना हा आजार आहे. १९ कोटी, मंजू! आणि एवढ्या सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी म्हणतच असेल, "असंच असतं."

आता तुला जे सांगायचं होतं ते. दुपारी चिमी उठून बसली, टी-शर्ट जरा वर सरकला आणि मला तिच्या पोटावर जाळी दिसली. बेंबीच्या खाली, तांबूस तपकिरी, वेड्यावाकड्या रेघांची. तीच. हॉस्टेलमध्ये माझ्या पोटावरची तूच पहिल्यांदा बघितली होतीस आणि केवढी घाबरली होतीस! सारखा सारखा शेक घेऊन कातडीवर उठते तशी. वहिनीला वाटतंय पोरगी दोन दिवस "असंच करते". दोन दिवसांच्या शेकाने अशी जाळी उठत नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती हीटिंग पॅड लावून पडत असणार, तेही पाळी नसतानासुद्धा. मी विचारलं तर तिने पटकन टी-शर्ट खाली ओढला. "आईला नको सांगूस" म्हणाली.

हे मी दुसऱ्या कोणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं, तो कळवळला, पण त्याने मला ओळखलं तोवर माझी जाळी पुसट झाली होती. तू ती रोज बघितलीयेस. आपल्या त्या रबरी पिशवीला तू "भाऊसाहेब" नाव ठेवलंस आणि रात्री अकराला मोठ्याने "भाऊसाहेबांना पांघरुणात घे गं" म्हणालीस, तेव्हा वॉर्डनबाईंनी येऊन दोन्ही खाटांखाली बॅटरी मारली होती! त्या दुखण्यातही मी इतकी हसले की पोट धरून रडायची वेळ आली. चिमीला मी हा किस्सा सांगितला. ती हसली. मग हसता हसता थांबली आणि विचारलं, "आत्या, मग तुझं थांबलं कधी?"

मी म्हटलं, "आपोआप नाही थांबलं. थांबवलं."

त्यावर ती खूप वेळ काही बोलली नाही. मग एकदम सुरू झाली. शी करताना कळ येते, ते आईला सांगायची लाज वाटते. पीटीच्या तासाला ती मुद्दाम डबा विसरल्याचं सांगून वर्गात परत जाते. मैत्रिणींनी तिचं नाव "ड्रामा" ठेवलंय. चौदा वर्षांची मुलगी, मंजू, आणि तिने एवढ्यातच खोटं बोलायचं वेळापत्रक बनवलंय. ऑफिसात मी "व्हायरल आहे" सांगून रजा काढायचे. संध्याकाळी पोट फुगायचं म्हणून दोन मापांचे कपडे बाळगायचे. पर्समध्ये गोळ्या, जादा पॅड, बदलायचा सलवार. लग्नाला, प्रवासाला, मुलाखतीला हो म्हणायच्या आधी बोटांवर तारखा मोजायच्या. हे सगळं मला तिशीपर्यंत अंगवळणी पडलं होतं. तिला आत्ताच पडलंय.

आणि तरीही माझं डोकं शांत नाही. सारखं वाटतं, मी माझाच आजार तिच्यात बघतेय का? कितीतरी मुलींना पाळीत खूप दुखतं आणि त्यांना यातलं काही नसतं, हे मलाही माहीत आहे. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर धोका वाढतो, आत्याचं तेवढं जवळचं नाही. उद्या तपासलं आणि काही निघालं नाही, तर दादा म्हणेल, "उगाच पोरीच्या डोक्यात भरवलंस." म्हणू दे. काही नसेल तर मी सगळ्यात आधी पेढे... जाऊ दे, तू जे म्हणशील ते वाटीन. पण शाळा बुडवायला लावणारं आणि साध्या गोळीने न हटणारं दुखणं तपासलंच पाहिजे, एवढ्यावर मी हटणार नाही.

वहिनीची भीती वेगळीच आहे. सगळं ऐकून तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पुढे मूल व्हायला अडचण नाही ना येणार?" मला तिथेच गळून गेल्यासारखं झालं. कारण माझंही असंच झालं ना गं. दुखतं म्हणून गेले तेव्हा प्रत्येकाने सोस म्हणून परत पाठवलं. मूल होत नाही म्हणून गेले, तर सोनोग्राफी, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, दुर्बीण, सगळं महिन्याभरात. पोट तेच, दुखणंही तेच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या दुखण्याला स्वतःची किंमत नव्हती. चिमीच्या दुखण्याला ती आत्ता मिळाली पाहिजे. तिला मूल हवं की नको हे ठरवायला अजून कितीतरी वर्षं आहेत. तिला उद्या शाळेत जायचंय.

ऑपरेशननंतर सर्जनने मला आतलं रेकॉर्डिंग दाखवलं होतं, ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. दोन्ही अंडाशयं गर्भाशयाच्या मागे एकमेकांना चिकटलेली, आतडं ओढून तिथेच बांधल्यासारखं. नवऱ्याने मान फिरवली. आणि मला आनंद झाला, मंजू. खराखुरा आनंद. इतकी वर्षं लोक म्हणत होते तुझ्या मनाचं आहे, आणि ते तिथे पडद्यावर होतं. मी रडले ते त्यामुळे. नवरा घाबरला, नर्सने पाणी आणलं, आणि मला वाटत होतं की आत्ता या खोलीत तू असायला हवी होतीस.

तशी तू त्या पहिल्या डॉक्टरकडे होतीस. "लग्न झालं की थांबेल" म्हणणाऱ्या. तू त्यांना ठणकावून विचारलंस, "नवरामुलगा प्रिस्क्रिप्शनवर मिळेल का?" आणि मग जिन्यात आपण कसल्या भांडलो! मी अजूनही म्हणते की तू तेव्हा आवाज चढवायला नको होतास. माझे हातपाय गार पडले होते, मला फक्त घरी जायचं होतं, आणि तुला लढायचं होतं. पण तुझं ते वाक्य मला आठवतं तेव्हा बरं वाटतं, हेही खरं.

पुढच्या बुधवारची वेळ घेतलीय, माझ्याच डॉक्टरांकडे. वहिनी "फक्त विचारायला" म्हणून तयार झालीय. हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की तिचा चेहरा पडतो, एवढ्या लहान मुलीला कसल्या गोळ्या म्हणून. मी सांगितलं की लगेच कोणी पोटात दुर्बीण घालत नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात म्हटलंय की निदानासाठी ऑपरेशनची वाट बघत बसायची गरज नाही, त्रासावरून औषध सुरू करता येतं. आणि सोनोग्राफीत काही दिसलं नाही तर "काही नाहीच" असं समजायचं नाही, हेही तिला दोनदा सांगितलं. कारण ती तेच धरून बसेल. मी बसले होते.

गोळीचं मी तिच्यापासून काही लपवलं नाही. सुरुवातीला मध्येच डाग जायचे, संध्याकाळी विनाकारण रडू यायचं. गोळी आजार मुळातून काढत नाही, दाबून ठेवते. बंद केली तर परत येऊ शकतो. पण सकाळी उठून दुखत नाही, मंजू. साधं वाकून चप्पल घालता येते. नवरा जवळ आला की मी आधी अंग चोरायचे, ते आता कमी झालंय. तो अजूनही विचारतो, "चालेल?" आणि मला त्या विचारण्याने बरं वाटतं.

चिमीला एक वही दिलीय. कुठे दुखतं, कधी, काय बुडलं, शी-शूच्या वेळी काय होतं, ते लिहायला. डॉक्टरांसमोर गेल्यावर सगळं आठवत नाही आणि शेजारी आई बसलेली असते. तिने पहिल्या पानावर वर "गुप्त" लिहिलंय आणि खाली तीन वेळा अधोरेखित केलंय.

तुझं काय चाललंय? नवीन ऑफिस सूट झालं का? लेकाच्या दहावीचं टेन्शन तू घेऊ नकोस, तो आपल्या दोघींपेक्षा हुशार आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं काय ठरलं? सगळं लिही.

पण त्याआधी एक काम कर. वहिनीला पत्र लिही. ती माझं ऐकते, पण मनात म्हणते की ही स्वतःचंच घेऊन बसलीय. तुझं तसं होणार नाही, तुला ती मानते. मी कशी होते ते लिही. मी काय सांगायचे ते नको, तू काय बघायचीस ते. रात्री बाथरूमच्या फरशीवर बसायचे ते, ती जाळी, शेवटच्या वर्षाचा तो पेपर, जिन्यातलं भांडणही लिही हवं तर. काही मऊ करू नकोस. आई वाचेल म्हणून गाळूही नकोस. आईनेही वाचावं असंच मला वाटतं.

मंगळवारपर्यंत पोचेल असं बघ, आणि अक्षर जरा नीट काढ. तुझं अक्षर वहिनीला लागत नाही.

तुझी,
सुमा