तीन व्होल्टच्या सेलबद्दल जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती सोसायट्यांच्या आणि वाचनालयांच्या कचेऱ्यांत इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ चिपची मशीनं अजून राबतायत, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. वर नवीन लिनक्स, पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी आणि त्यात हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर. ही मशीनं सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे पत्र. आपण फोनवर जे सांगितलंत ते इथे तपशिलात लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाची रात्र वाचेल.

आधी सेल. व्हर्च्युअल मशीन काल चालत होतं, आज ‘व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीनसाठीची चिपमधली सोय) बंद आहे’ म्हणून अडून बसलं, की सगळे लिनक्सच्या अपडेटला शिव्या घालतात. आपण विचारलंत, “घड्याळ बरोबर दाखवतंय का?” त्या एका प्रश्नात अर्धं उत्तर होतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला की रात्री वीज गेल्यावर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, सगळं विसरतो आणि मूळच्या सेटिंगवर येतो. बऱ्याच जुन्या बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये व्हीटी-एक्स बंदच असतं. त्यात नव्या कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) बायोसने बंद ठेवलेला ‘व्हीएमएक्स’, म्हणजे व्हीटी-एक्सचंच नाव, सीपीयूच्या यादीत दिसतही नाही, त्यामुळे चिपमध्येच ती सोय नाही असा गैरसमज होतो. कर्नलचे बूटचे मेसेज चाळले तर ‘डिसेबल्ड बाय बायोस’ असं सरळ लिहिलेलं सापडतं.

नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. मल्टिमीटरवर अडीचच्या खाली आला असेल तर टाकून द्यावा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सेलखालच्या पत्र्याच्या पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती आयसोप्रोपिलने पुसली नाही तर नवा सेलही टेकत नाही. रॅमचे सोनेरी दातही खोडरबराने घासावेत. बायोसमध्ये व्हीटी-एक्स चालू केल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नये. मशीन बंद करून मागची विजेची पिन काढावी, थोडं थांबून परत लावावी. काही बोर्ड त्याशिवाय ऐकत नाहीत. आगोटीला कौलं शाकारतो, तसा आता आम्ही सेल बदलतो.

दुसरी गोष्ट, आपण आम्हाला व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर १२ च्या मागे धावण्यातून सोडवलंत. १४ नंबरच्या आवृत्तीपासून त्यांना नव्या पिढीची चिप लागते आणि कोअर टू ड्युओ बाद होते. म्हणून लोक १२ ला चिकटतात. पण १२ चे ‘व्हीएममॉन’ आणि ‘व्हीएमनेट’ हे मोड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे तुकडे, कर्नलच्या बाहेरचे. कर्नलच्या आतलं काही बदललं की ते कंपाइल होत नाहीत. २०१९ च्या ५.० कर्नलमध्ये ‘अ‍ॅक्सेस ओके’ या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट काढला, तेवढ्यावर सगळं अडलं. दर कर्नलला नवा पॅच शोधत बसायचं! तसंच दुसरं सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्स, त्याची गत फार वेगळी नाही: ६.१ पासून व्हीटी-एक्सशिवाय ते चालतच नाही, आणि ६.१२ कर्नलपासून, म्हणजे डेबियन १३ या लिनक्सवर, केव्हीएम (कर्नलमधलीच व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) लोड होताक्षणी व्हीटी-एक्स स्वतःकडे घेतं, मग व्हर्च्युअलबॉक्स ‘रूट मोड’चा एरर देऊन बसतं. त्यावर ‘केव्हीएम-इंटेल’ मोड्यूल काढणे हा उपाय आहे, पण आपण म्हणालात तेच खरं: जे कर्नलबरोबर येतं तेच वापरा. केव्हीएम.

एक्सपी व्हीएमवेअरमधून केव्हीएमवर हलवताना मात्र घाई नको. आधी जुन्या व्हर्च्युअल मशीनमध्येच व्हीएमवेअर टूल्स काढायचे, नंतर ते निघत नाहीत. सगळे स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या मधल्या स्थितीच्या साठवलेल्या नोंदी, मिटवायचे. डिस्क २-२ जीबीच्या तुकड्यांत असेल तर डिस्कच्या फाइलचं रूप बदलणाऱ्या ‘क्यूईएमयू-इमेज’ला तुकडा द्यायचा नाही, काही ओळींची ती छोटी व्हीएमडीके फाइल द्यायची. तुकडे कुठे आहेत ते तिलाच माहीत. नवीन व्हर्च्युअल मशीनचा प्रकार ‘आय ४४० एफएक्स’ हा जुन्या बोर्डाचा, डिस्क आयडीई या जुन्या जोडणीची, नेटवर्क कार्ड आरटीएल ८१३९. ‘क्यू ३५’ हा नवा प्रकार निवडलं तर एक्सपीकडे त्यातल्या एएचसीआय या नव्या डिस्क-जोडणीचा ड्रायव्हर नाही. तरीही ७बी या एररचा निळा पडदा आला, तर डिस्कचा कंट्रोलर बदलल्यामुळे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आयडीईच्या रजिस्ट्री नोंदी जुन्या मशीनमध्ये असतानाच घालून ठेवाव्यात.

४ जीबी रॅमच्या मशीनवर एक्सपीला ५१२ एमबी पुरे, आणि सीपीयू एकच. कोअर टू ड्युओत ईपीटी ही मेमरी सांभाळायची सोय नाही, गेस्टच्या (आतल्या एक्सपीच्या) मेमरीचे तक्ते केव्हीएमला सॉफ्टवेअरनेच सांभाळावे लागतात. गेस्टमधला अँटिव्हायरस काढला की फरक लगेच कळतो. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला, तेव्हा नेटवर्कची केबल काढलेलीच बरी.

पावत्या छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्सचं तर आम्हाला सुचलंच नसतं. होस्टवरचं (बाहेरच्या लिनक्सवरचं) ‘एलपी’ हे प्रिंटरचं मोड्यूल पॅरलल पोर्ट धरून ठेवतं, ते काढल्याशिवाय गेस्टला पोर्ट मिळत नाही. आणि युजर ‘एलपी’ गटात हवा.

वेंगुर्ल्याच्या मशीनमध्ये ई ५२०० चिप निघाली, तिच्यात व्हीटी-एक्स मुळातच नाही. नुसत्या एम्युलेशनवर, म्हणजे चिपची नक्कल सॉफ्टवेअरने करून, एक्सपी सुरू होतं, पण एक लेजर उघडेपर्यंत चहा होतो. त्याच सॉकेटची, व्हीटी-एक्स असलेली ई ८४०० चिप मिळाली आहे. बोर्ड १३३३ ची बस घेतो का, ते त्याच्या पत्रिकेत बघून ठेवतो. आपण आलात की बसवू. थर्मल पेस्टची ट्यूब आमच्याकडे आहे.

आपले,
कचेऱ्यांतली जुनी मशीनं सांभाळणारे आम्ही