पुस्तकातली लॉगआउटची ओळ

शहापूर, बेळगाव

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस की आम्ही लिहितोय ते जँगोचं, म्हणजे पायथनमध्ये वेबसाईट बनवायच्या फ्रेमवर्कचं, मराठी पुस्तक अजून कसं संपलं नाही, आणि मी नुसतं "चालू आहे रे" म्हणून विषय बदलला, ते मनाला लागून राहिलंय म्हणून आज बसून लिहायलोय. बाहेर पाऊस धो धो, लाईट दोनदा गेली, बॅटरी आहे तोवर लिहितो.

गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एका पोरीचा मेसेज आला. आमच्या लॉगिनच्या प्रकरणातला कोड तिने जसाच्या तसा टाईप केलेला, लॉगिन झालं पण लॉगआउटच्या लिंकवर क्लिक केलं की ४०५ एरर, म्हणजे या पद्धतीने मागणी चालत नाही. दोन दिवस ती एकेक अक्षर तपासत बसली, स्वतःचंच काहीतरी चुकलंय म्हणून. चूक आमची होती रे. ते प्रकरण आम्ही जँगोच्या ३.२ व्हर्जनवर लिहिलेलं, तेव्हा साध्या लिंकने लॉगआउट व्हायचं. ४.१ मध्ये ते जुनं ठरवलं आणि ५.० मध्ये काढूनच टाकलं, आता लिंकऐवजी फॉर्मचं बटण दाबून पोस्ट पद्धतीने मागणी पाठवावी लागते. कारणही रास्त आहे, साध्या लिंकवर चालत असलं तर दुसऱ्या कुठल्याही साईटने पानात एक खोटं चित्र टाकून तुला बाहेर काढावं, तुला पत्ताही लागणार नाही. पण हे कारण आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं, नुसती ओळ होती, आणि ओळ मेली की वाचणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही खरंच.

जँगो दर आठ महिन्यांनी नवीन येतं. आम्ही पाचजण रविवारी दुपारी आमच्या माडीवर जमणार, कुणाच्या घरी लग्न, कुणाची परीक्षा, आठ महिन्यांत तीन प्रकरणं झाली तरी खूप. त्यामुळे आता ठरवलंय, पुस्तक ५.२ वरच धरायचं, ती लाँग टर्मवाली आहे, एप्रिल २०२५ ला आली आणि एप्रिल २०२८ पर्यंत सिक्युरिटीचे अपडेट मिळतात. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कुठल्या व्हर्जनवर चालवून बघितलं ते लिहायचं. आणि पुस्तकातला सगळा कोड वेगळ्या फाईलींत ठेवून त्याला टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, लावल्यात, पानात तो तिथूनच येतो, म्हणजे नवीन व्हर्जन आलं की आधी आमच्याकडे फुटेल, पोरांकडे नाही. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं.

शब्दांवरून मात्र अजून वाद चालतो. मायग्रेशनला मी "स्थलांतर" लिहिलेलं तर निपाणीचा आमचा एकजण म्हणाला, "अरे स्थलांतर म्हटलं की आमच्याकडं पोरगं पुण्याला गेलं असं वाटतंय की!" पटलं मला. मायग्रेशनच ठेवलं, पण खाली दोन परिच्छेद साध्या मराठीत, की मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाचा आराखडा लिहिलेल्या कोडमध्ये, तू एक रकाना वाढवलास म्हणून डेटाबेसमधला टेबल आपोआप बदलत नाही, आधी मेकमायग्रेशन्सने त्या बदलाची फाईल तयार होते, मग मायग्रेटने ती टेबलावर चालते, आणि ती फाईल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद राहते तिथे, ठेवायचीच. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग कॉलेजात एकदम सगळं इंग्रजी, अशा पोराला हे दोन परिच्छेद मिळाले असते तर मी स्वतः दुसऱ्या वर्षाला एवढा अडलो नसतो. तुला आठवतं ना, हॉस्टेलवर तूच मला हे वहीत चित्र काढून समजावलेलंस?

म्हणूनच मागणी आहे. फॉर्म्सचं प्रकरण तू घे. व्हॅलिडेशन, म्हणजे फॉर्ममध्ये भरलेलं बरोबर आहे का ते तपासणं, तुझ्याएवढं सोपं करून सांगणारा आमच्यात कुणी नाही. कच्चं पाठवतो, जिथं वाचताना अडशील तिथं नुसती खूण कर, दुरुस्ती नको, आणि गणपतीला येताना लॅपटॉप घेऊन ये, खानापूरच्या त्या पोरीलाही बोलावलंय. लॉगआउटचं पान आता तीच परत लिहायलीय.

तुझाच
शहापूरचा दोस्त