जमिनीखालच्या लंडनहून

लंडन,
रविवार

तीर्थस्वरूप आप्पाकाका यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बंद पडलेले बोगदे पाहायला जाणार आहे असे मी फोनवर म्हणालो, तेव्हा "तिकीट काढून अंधार बघायचा?" असे विचारून तुम्ही हसलात. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यावर उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हसू येणारच. काल मी जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो. काकूंना आधीच सांगून ठेवा की कुलूप तोडून मी कोठेही शिरलो नाही. तसे चोरून शिरणारे हौशी लोक येथे आहेत, पण येथील वाहतूक संग्रहालय अशा जागांच्या रीतसर फेऱ्या काढते आणि मी त्यातीलच एका फेरीला गेलो होतो.

जागा आहे दक्षिण लंडनमधील क्लॅपहॅम साउथ. रस्त्याकडेला काँक्रीटची एक गोल इमारत आहे. पाण्याची टाकी समजून मी तिच्यावरून कितीतरी वेळा गेलो असेन. आत सुमारे १८० पायऱ्यांचा गोल जिना उतरला की दोन समांतर बोगदे लागतात. प्रत्येकाच्या पोटात मधोमध तक्तपोशी घालून वरचा आणि खालचा असे दोन मजले केलेले आहेत. नॉर्दर्न लाइन ही चालू भुयारी रेल्वे यांच्याही वरून जाते, त्यामुळे दर काही मिनिटांनी डोक्यावर गडगड ऐकू येते. गाडी खालून जावी आणि माणसे वर असावीत, या आपल्या सवयीला हे उलटे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात लोक बॉम्बच्या भीतीने रेल्वेच्या फलाटांवर झोपत असत. १४ ऑक्टोबर १९४० रोजी येथून पुढचेच स्थानक असलेल्या बॅलहॅमवरील रस्त्यावर बॉम्ब पडला, जलवाहिनी आणि सांडपाण्याची गटारे फुटली, गाळासकट पाणी फलाटांवर घुसले आणि साठहून अधिक माणसे दगावली. खोल निवारे बांधण्याचा निर्णय त्याच सुमारास झाला. दहा ठरले होते, प्रत्यक्षात आठच झाले; क्लॅपहॅम साउथचा हा त्यांपैकीच एक. ओव्हल येथे खणताना पाणी फार लागल्याने काम सोडावे लागले. हे ऐकताना तुम्हीच आठवलात, कारण कोकणातल्या भुसभुशीत मातीने आणि पाण्याने तुम्हाला काय छळले ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शिवाय वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये इंग्लंडला हरवले ते याच ओव्हलवर! बाकी ठिकाणी मात्र येथील चिकणमाती खणणाऱ्यांना फार सोयीची: कापायला मऊ आणि पाणी सहसा न झिरपू देणारी. तुमच्या वाट्याला अशी माती आली असती तर काकूंना तुम्ही वर्षभर आधी घरी दिसला असता.

निवारे १९४२ मध्ये तयार झाले, पण लोकांसाठी उघडले १९४४ मध्ये, जर्मनीचे वैमानिकाविना उडणारे बॉम्ब येऊ लागल्यावर. एकेका निवाऱ्यात सुमारे आठ हजार माणसांची सोय होती. झोपण्याच्या लोखंडी बाकांच्या चळती अजून तेथे उभ्या आहेत. बोगद्याच्या विभागांना नौदलातील सेनानींची नावे वर्णानुक्रमाने दिली होती, म्हणजे रात्री उठलेल्या माणसाला आपली जागा सापडावी. भिंतींवर नंतरच्या काळातील मुक्कामी लोकांनी आपली नावेही लिहून ठेवली आहेत. ती खोड आपल्या गडकोटांपुरतीच नाही.

मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते मात्र युद्धानंतरच्या एका गोष्टीपाशी. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' या जहाजाने जमैका आणि आसपासच्या बेटांवरून कामाच्या शोधात माणसे आणली. ज्यांना राहायला जागा नव्हती अशा दोनशेहून अधिक जणांना सरकारने याच बोगद्यात ठेवले. जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनमध्ये होते, म्हणून ते तेथे काम शोधू लागले आणि पुढे अनेकांनी त्याच भागात घरे केली. ब्रिक्स्टनच्या बाजारात मी दर शनिवारी कच्ची केळी आणि भेंडी आणतो, त्या बाजाराचे आजचे रूप असे घडले हे मला ठाऊक नव्हते. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसांनी या शहरातील पहिल्या रात्री जमिनीखाली, डोक्यावरची गडगड ऐकत कशा काढल्या असतील, हा विचार करत मी त्या बाकांपाशी उभा होतो. मी आलो तेव्हा माझी खोली तळघरात असल्याची तक्रार आईकडे किती केली होती, तेही आठवले.

एक गोष्ट तुम्हाला खटकेल. युद्ध संपल्यावर हे बोगदे एकमेकांना जोडून जलद भुयारी गाडी काढायची असा मूळ बेत होता, तो कधीच पार पडला नाही. म्हणजे रेल्वेच्या मापाने खणलेल्या या बोगद्यांतून एकही प्रवासी गाडी गेली नाही. करबुड्याचा बोगदा आरपार झाला तेव्हा पलीकडची हवा अंगाला लागल्याचे तुम्ही सांगता, त्या दिवसाची नोंद तुमच्या जुन्या डायरीत असेल तर तेवढ्या पानाचा फोटो दादाकडून पाठवून द्यावा.

काकूंना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला पुतण्या,
निखिल