तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र आणि खालच्या मजल्यावरचे काका

नेरूळ, नवी मुंबई

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही चहाचे विचारता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांना वाचता यावे असे लिहिते आहे, कारण घरात समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी ठेवायचे ज्याच्या मनात येते त्याला माशांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात, घराविषयी सांगणारा क्वचितच भेटतो. मला तुम्ही भेटलात.

लहानपणी वडिलांचे बोट धरून तारापोरवाला मत्स्यालय पाहिले, तेव्हापासूनची ही इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीची ऑर्डर द्यायला मी निघाले होते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, हे जिवाणू टाकीत रुजायला काही आठवडे द्यावे लागतात, हे सगळे मला ठाऊक होते. पाण्याचे वजन मात्र मी कधी कागदावर मांडून पाहिले नव्हते. सोसायटीने खालच्या घराची लेखी संमती आणायला सांगितली, म्हणून मी तुमच्या दारात आले. टाकी बरोबर तुमच्या डोक्यावर येणार होती आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर ते रास्तच ठरले असते. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही वही आणि पेन्सिल काढलीत.

त्या पानाचा फोटो माझ्याजवळ आजही आहे. काठोकाठ भरल्यास 680 लिटर. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून जवळजवळ 700 किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे 120 किलो. खडक, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालचा सम्प (टाकीतून ओसंडलेले पाणी जिच्यात उतरते आणि पंपाने पुन्हा वर जाते ती दुसरी टाकी) धरून एकूण 1,100 किलोच्या पुढे, आणि ते सारे जेमतेम 1.1 चौरस मीटर जागेवर. त्याखाली तुम्ही लिहिलेत की भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, एवढा भार धरलेला असतो. तो आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या टाकीचा निकाल तेवढ्यावरून लावता येत नाही, हेही तुम्ही त्याच बैठकीत समजावलेत. मला दिवाणखान्याच्या मधोमध, पडद्यासारखी टाकी हवी होती. तुम्ही सोसायटीच्या कपाटातून इमारतीचे जुने आरसीसी नकाशे काढून घेतलेत, आमच्या घरी येऊन टेपने अंतरे मोजलीत आणि ज्या भिंतीखाली तुळई आहे व जिच्या एका टोकाला कॉलम आहे त्या भिंतीला लागून टाकी ठेवायला सांगितलेत. आयुष्यभर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम केलेल्या माणसाचा शब्द मला पुरेसा होता, तुम्हाला मात्र तो पुरेसा वाटला नाही; सोसायटीच्या सल्लागाराकडून स्वतंत्र लेखी मत आल्याशिवाय तुम्ही संमतिपत्रावर सही केली नाहीत. त्यात दीड महिना गेला आणि तेव्हा मी मनातून थोडी रागावले होते, हे आज कबूल करते. स्टँड बसला त्या दिवशी तुम्ही पाणसळ घेऊन आलात आणि एका पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवेपर्यंत कोणाला टाकी उचलू दिली नाहीत.

विजेच्या कामाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्ही वायरमनकडून दोन दिवसांत करून घेतलेत. मुख्य बोर्डापासून टाकीसाठी दोन वेगळी सर्किटे, प्रत्येकावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), म्हणजे एक ट्रिप झाला तरी दुसऱ्यावरचा पंप चालू राहतो. सॉकेट टाकीच्या थेट वर किंवा खाली न ठेवता बाजूच्या भिंतीवर, आणि प्रत्येक वायर आधी खाली सोडून मग वर नेलेली, जेणेकरून वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता मध्येच ठिबकून जाईल. खाऱ्या पाण्याच्या तुषारांचे मीठ कसे सर्वत्र साचते आणि धातू कसा खाते हे मी आता रोज पाहते, तेव्हा त्या वायरींकडे पाहून मला तुमची आठवण येते.

तुमचे सर्वांत मोठे उपकार मात्र नळकामात आहेत. टाकी बसवणाऱ्या माणसाने सम्पमधून वर पाणी नेणाऱ्या नळीचे तोंड पृष्ठभागाच्या वीस सेंटिमीटर खाली ठेवले होते आणि वीज गेल्यावर पाणी मागे येऊ नये म्हणून एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला होता. तुम्ही विचारलेत की टाकीतले पाणी एक सेंटिमीटर उतरले तर किती लिटर होते. साधारण 11 लिटर, मी सांगितले. मग वीस सेंटिमीटरचे किती? पंप थांबताच त्याच नळीतून सायफन सुरू होऊन 220 लिटर पाणी 200 लिटरच्या, आधीच निम्म्याहून जास्त भरलेल्या सम्पमध्ये उतरले असते आणि उरलेले आमच्या फरशीवरून तुमच्या छतात गेले असते. एनआरव्हीच्या झडपेवर चुना आणि मीठ बसले की ती नीट मिटत नाही, म्हणून तिच्यावर घर सोडायचे नाही, असे तुम्ही निक्षून सांगितलेत. नळीचे तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम तीन सेंटिमीटर खाली आणले गेले, पृष्ठभागाच्या लगेच खाली नळीला हवा शिरण्यासाठी बारीक भोक पाडले, आणि सम्पवर तुम्ही काळ्या मार्करने एक रेघ ओढलीत, चालू पंपावर पाणी कधीही हिच्यावर नको अशी. प्लंबरने आणलेले पितळी व्हॉल्व्ह मी परत पाठवले, कारण तांबे समुद्री कोळंबी-गोगलगायींना मारते. तेवढे एक मला ठाऊक होते आणि त्याबद्दल तुम्ही माझे कौतुक केलेत, ते मी विसरलेले नाही.

मग आठवडाभर टाकीत मोरबे धरणाचे साधे नळाचे पाणी भरून ठेवायला लावलेत. रोज संध्याकाळी येऊन तुम्ही स्वतः मेन स्विच बंद करायचात आणि स्टुलावर बसून सम्पमधली पातळी कुठे थांबते ते पाहायचात. सातही दिवस ती काठाच्या बऱ्याच खाली थांबली. त्यानंतरच आरओ-डीआय फिल्टरचे, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेले पाणी आणि मीठ आले. त्या फिल्टरमधून वाया जाणारे पाणी ड्रममध्ये धरून फरशी पुसायला आणि जिन्यातल्या कुंड्यांना वापरण्याची सोयही तुमचीच. हवेत उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची, हे आता माझी मुलगीसुद्धा पाहुण्यांना सांगते. पाणी थंड करणारा चिलर ड्राय बाल्कनीत गेला, नाहीतर टाकीतली उष्णता त्याने खोलीतच ओतली असती आणि एप्रिल-मेमध्ये पाणी 26 अंशांवर राखणे कठीण झाले असते.

टाकीत प्रवाळ नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. एका विक्रेत्याने 'कोणी विचारत नाही' असे सांगितले तेव्हा तुम्ही माझ्याआधी उठून बाहेर पडलात. आमचे खडक भाजलेल्या मातीचे आहेत आणि क्लाऊनफिश समुद्रातून धरलेले नाहीत, बंदिस्त पाण्यातच जन्मलेले आहेत.

गेल्या जुलैतली ती रात्र तुम्हाला आठवत असेल. साडेअकराला वीज गेली आणि पहाटे चारपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरवर फक्त लहान वेव्ह पंप होता, पाण्यात प्राणवायू मिसळत राहावा एवढ्यापुरता. दहा मिनिटांत दारावर टकटक झाली. टॉर्च घेऊन तुम्ही जिना चढून आला होतात, गुडघा दुखत असतानाही. आपण दोघे सम्पपुढे खाली बसलो. पाणी चढत गेले, मार्करची रेघ ओलांडून वर आले, काठाच्या चार बोटे खाली थांबले आणि तिथेच राहिले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त टॉर्च बंद केलात. तुमचे छत सकाळी कोरडे होते, आणि वर अकराही मासे जिवंत होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहते आणि तुम्ही दिलेल्या वहीत नोंद करते. येत्या रविवारी वहीचे शेवटचे पान भरेल. नवी वही आणून ठेवली आहे. पहिली नोंद तुमच्या हातची असावी, म्हणून काकूंना घेऊन सायंकाळी सहाला नक्की या.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण