विषय: रिमोटच्या गाडीची फुगलेली लायपो बॅटरी, चुकीचा जम्पर आणि "मिस्टरांना फोन द्या"

हे पत्र कस्टमर केअरच्या वरच्या माणसाने वाचावं, तिकीट नंबर लावून परत त्याच टेबलावर ढकलू नये. आत्ताच तुमच्या एक्झिक्युटिव्हशी बोलून फोन ठेवलाय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

तुमची १:१६ मापाची, रिमोटवर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह बगी आम्ही घेतली ती बॉक्सवर 'फॅमिली स्टार्टर किट' लिहिलंय म्हणून. लेक, मी आणि बाबा म्हणजे माझे सासरे, तिघांनी मिळून हे सुरू केलं. बाबा ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते त्यामुळे मल्टीमीटर घरात आहेच, आणि लेकीने गाडी सरळ जावी म्हणून स्टिअरिंग ट्रिम करणं, थ्रॉटल हळू सोडणं, मोटर गार झाल्याशिवाय दुसरी बॅटरी न लावणं सगळं मनापासून शिकून घेतलं. नेरुळच्या आमच्या मैदानात रविवारी सकाळी तिच्याभोवती पोरं जमायची.

आता बॅटरीचं. दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची, फुल चार्ज ८.४. सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो आणि वेळेत मोटर बंद करणं हे ईएससीचं, म्हणजे गाडीतल्या स्पीड कंट्रोलरचं काम, त्यासाठीच तर त्यावर बॅटरी लायपो की एनआयएमएच (निकेलवाली) हे ठरवणारा जम्पर, म्हणजे सेटिंगची छोटी पिन आहे. मॅन्युअल म्हणतं फॅक्टरीतून लायपोवर सेट करून येतो. आमचा एनआयएमएचवर होता, आणि त्यावर तुमच्या फॅक्टरीच्या गोंदाचा थेंब अजून तसाच आहे, फोटो मेलमध्ये आहेत. एनआयएमएचवर मोटर बरीच उशिरा बंद होते, म्हणजे जिथे गाडी थांबायला हवी होती तिथे ती पळतच राहिली. बाबांनी मोजलं तर एक सेल २.१, दुसरा २.४, आणि बॅटरी फुगलेली. प्रॉडक्ट तुमचंच आहे, पुढचं तुम्हाला कळतंच.

तुमच्या माणसाला मी हे सगळं सांगितलं. मध्येच तोडून म्हणाला, "मॅडम, टेक्निकल आहे, मिस्टरांना फोन द्या." मी म्हटलं मिस्टरांनी गाडी हातात पण घेतलेली नाही, गाडी मी आणि मुलगी चालवतो, तुम्ही माझ्याशीच बोला. त्यावर हसला. हसला हो! मग म्हणे "मुलगी चालवते? मग पडली असेल कुठेतरी." मी परत जम्परचं सांगितलं, गोंदाचं सांगितलं, व्होल्टेज वाचून दाखवलं. तर म्हणतो, "चार्जर एनआयएमएच मोडवर टाका, पाच-दहा मिनिटं करंट द्या, बॅटरी जागी होईल." मी विचारलं, फुगलेली बॅटरी? "हो मॅडम, सगळे करतात." मी म्हटलं हे मला मेलवर लिहून द्या. तर म्हणे असं लिहून देता येत नाही, आणि वर "बॅटरी कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही" म्हणून फोन ठेवला.

फुगलेली, इतकी खाली गेलेली लायपो अशी जबरदस्तीने चार्ज केली तर पेट घेऊ शकते. घरात लहान मूल आहे. दुसऱ्या कुणी त्याचं ऐकलं असतं तर? आत्ता ती बॅटरी बाल्कनीत वाळूच्या डब्यात ठेवली आहे.

आणि परत एकदा सांगते, जम्पर तुमच्याकडूनच चुकीचा आलाय. बॅटरी कन्झ्युमेबल असेल, ईएससीची सेटिंग नाही.

मला नवीन बॅटरी हवी, ईएससी तपासून किंवा बदलून हवा, त्या कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि लेखी उत्तर द्या. सात दिवसांत नाही आलं तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही, तेव्हा "आमचं ऑफिस दुसऱ्या शहरात आहे" हे ऐकवू नका. सोसायटीतली अजून दोन घरं तुमचंच किट घेणार होती, त्यांना मी थांबवलंय. वाईट वाटतं, कारण गाडी खरंच छान आहे.

त्याच लॉटच्या गाड्या ज्यांच्याकडे गेल्यात त्यांना मात्र आजच मेसेज टाका, जम्पर बघून घ्या म्हणून. त्यासाठी माझ्या तक्रारीचा निकाल लागायची वाट बघू नका.