मित्रास पत्र: डोक्यातला गुंता आणि एक शब्द

परळ, मुंबई

प्रिय सुन्या,

तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी 'बराय रे' म्हणून विषय बदलला. आई बाजूलाच बसलेली असते. म्हणून लिहायला बसलोय.

शाळा उघडल्या उघडल्या सातवीच्या वर्गात मला फीट आली. शुद्धीवर आलो तेव्हा एक मुलगी माझ्या मुठीतला खडू सोडवत होती. ती वस्तू काय आहे ते कळत होतं, पण शब्द येईना. चांगली दहा मिनिटं 'खडू' हा शब्द माझ्याकडे नव्हता. वीस वर्षं मराठी शिकवतोय मी, सुन्या.

एमआरआयमध्ये एव्हीएम निघालं, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता. रोहिणीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतून न जाता जोरात थेट नीलेत शिरतं, आणि नीलेची भिंत तेवढ्या दाबासाठी नसते. अडीच सेंटिमीटरचा गुंता, बहुधा जन्मापासूनचा. अँजिओग्राफीत डाय सोडला तेव्हा अर्ध्या डोक्यात गरम पाणी पसरल्यासारखं वाटलं. नंतर डॉक्टरांनी पेनाच्या टोपणाने पडद्यावर दाखवलं, "ही बोलण्याची जागा, हा गुंता." मध्ये त्या टोपणाच्या जाडीएवढंही अंतर नव्हतं.

अशा गुंत्यांपैकी दरवर्षी शंभरात दोन ते चार फुटतात. आधी कधी फुटलेला नसेल तर त्याहून कमी. एका सर्जनचं म्हणणं, ऑपरेशन करून टाका, एका दिवसात विषय संपेल. वंदनाचंही तेच मत आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला 'अरुबा' अभ्यास समोर ठेवला: न फुटलेल्या एव्हीएमचे २२३ रुग्ण, उपचार केलेल्या गटात सुमारे ३१ टक्क्यांना स्ट्रोक किंवा मृत्यू, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत १०. त्या रात्री वाटलं, हातच लावायचा नाही. पण तो हिशेब सरासरी ३३ महिन्यांचा. मी ४३ वर्षांचा आहे. मला पुढच्या तीस वर्षांचं हवंय, आणि ते कुणी छातीठोक सांगत नाही.

मी गॅमा नाइफ घ्यायचं ठरवलंय. डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम बसवतात, किरण देतात, कवटी उघडत नाहीत. गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटण्याची भीती राहतेच. सूज येऊन बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलंय. वंदना म्हणते, तीन वर्षं रोज जीव मुठीत धरून कसं राहायचं? तिचं चुकीचं नाही. पण ऑपरेशन टेबलावरून उठल्यावर तिचं नाव घेता आलं नाही तर, हा विचार मला सहन होत नाही. हे तिला अजून सांगू शकलेलो नाही. तुला सांगतोय.

तारीख पुढच्या महिन्यात मिळेल. त्या दिवशी तू ये. माझ्यासाठी नाही, बाहेर वंदनाजवळ बसायला. आईला फक्त 'तपासणी' म्हणून सांगितलंय, तिच्यासमोर बोलू नकोस. फोन रात्री नऊनंतर कर, तेव्हा मी गॅलरीत असतो.

तुझा,
रव्या