आवर्तसारणी वजनावर नव्हे, अणुअंकावर

महोदय,

आवर्तसारणीत मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने असतात, असे अजूनही सर्रास छापले जाते. ते चूक आहे. टेल्युरियमचे अणुवस्तुमान 127.6, आयोडीनचे 126.9, तरी टेल्युरियम आधी येते, कारण त्याच्या केंद्रकात 52 प्रोटॉन आहेत आणि आयोडीनच्या 53. प्रोटॉनांची ही संख्या म्हणजेच अणुअंक, आणि क्रम त्यावरच ठरतो. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने 1869 मध्ये गुणधर्म पाहून या दोघांची जागा बरोबर ठेवली, पण वजनच चुकीचे मोजले असेल अशी त्याची समजूत होती. क्रम अणुअंकावर ठरतो हा खरा खुलासा 1913 मध्ये हेन्री मोजली या भौतिकशास्त्रज्ञाच्या क्ष-किरण प्रयोगांनी झाला.

नावांनाही नियम आहे. नवे मूलद्रव्य 17व्या गणात (सारणीच्या उभ्या स्तंभात) असेल तर नावाच्या शेवटी ‘-ईन’, 18व्या गणात ‘-ऑन’, बाकी सगळीकडे ‘-इयम’. म्हणून अणुअंक 117 चे टेनेसीन आणि 118 चे ओगानेसॉन. हेलियम मात्र 18व्या गणात असूनही ‘-इयम’च राहिले. 1868 च्या सूर्यग्रहणातल्या वर्णपटात दिसलेली त्याची पिवळी रेषा एखाद्या धातूची असावी असे वाटले होते. नाव तेव्हाचे, चूकही तेव्हाचीच!

आणखी एक, मुद्रितशोधकांसाठी. मूलद्रव्याच्या रोमन लिपीतल्या संज्ञेतले पहिले अक्षर मोठे, दुसरे लहान. कोबाल्टच्या संज्ञेतला (Co) ‘ओ’ मोठा पडला की छापले जाते कार्बन मोनॉक्साइड (CO). मथळा सरसकट मोठ्या अक्षरांत जुळवताना नेमके हेच होते.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक